कात्री जात नाही ते झुडूप

१२ ऑक्टोबर

आजही बुरशी नाही.

सकाळी उठल्याबरोबर आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. फळं थोडी सुरकुतली आहेत, देठाशी सुकली आहेत, पण पांढरा ठिपका एकही नाही. वास घेतला. आंबूस नाही. फळाचाच वास.

लिहून ठेवावं म्हणून वही काढली. बोलायला जमत नाही. मी तोंड उघडलं की समोरचा आधीच रडवेला चेहरा करतो, मग माझं सांगायचं राहूनच जातं.

फळांची ही कागदी पिशवी प्रयोगशाळेच्या गाडीवरच्या ड्रायव्हरदादांनी आणून दिली. त्या दिवशी टेकडीवरून उतरून हे गाडीत बसले, जरा डोळे मिटतो म्हणाले, आणि दवाखान्यापर्यंत उघडलेच नाहीत. पिशवी मांडीवर होती. गडबडीत दादांनी ती गाडीच्या कप्प्यात टाकली नि विसरले. नंतर दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, भाऊंचं हे माझ्याकडेच राहिलं." आत या म्हटलं तर येईनात. चपला तर काढून झाल्या होत्या! पुन्हा घातल्या आणि गेले.

मी पिशवी उघडून फळं वाडग्यात ओतली आणि खिडकीत ठेवली. हे ठेवायचे तिथेच. दुसरं काही सुचलं नाही.

१३ ऑक्टोबर

खिडकीचे गज पुसले. काल पण पुसले होते.

१४ ऑक्टोबर

यांचं म्हणणं काय होतं ते नीट लिहिते, नाहीतर माझ्याच डोक्यात कालवाकालव होईल.

आमच्या प्रयोगशाळेत रानातल्या काळ्या फळांवर काम चालतं. फळांवर नाही खरं तर, फळांच्या आत राहणाऱ्या जिवांवर. चांगलं, न फुटलेलं, न किडलेलं फळ आतून कोरं असतं असं आपल्याला वाटतं. नसतं. आत यीस्ट असतं, जिवाणू असतात, कधी बुरशीही असते, गप बसलेली. कोणी फुलातून शिरलेलं, कोणी मुळातून वर चढलेलं. फळाचं काही बिघडवत नाहीत. आमच्या प्रमुख मॅडमनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा हे म्हणाले होते, "म्हणजे एक फळ खाल्लं की आख्खी वस्ती गिळतो आपण!" मग कितीतरी दिवस जेवायला बसले की ताटाकडे बघून "नमस्कार मंडळी" म्हणायचे. शेवटी सासूबाईंनी पळी उगारली.

हे नमुने आणायचे. मी आगर शिजवते, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, आणि प्लेटा भरते. नोकरी एकाच ठिकाणी, पण ते बाहेर आणि मी आत.

तर टेकडीच्या वरच्या अंगाला, कलत्या खडकाखाली एक झुडूप आहे. यांचं म्हणणं, त्याची फळं सडत नाहीत. वाटेवरच्या झुडपांची फळं घरी आणून ठेवली की तीन-चार दिवसांत त्यांना बुरशीचे केस फुटतात. याची नुसती वाळत जातात. दोन हंगाम यांनी आमच्या खिडकीत दोन वाडगी शेजारी शेजारी ठेवून बघितलं. नक्की आत कोणीतरी आहे, म्हणायचे, राखणदार आहे! प्रयोगशाळेत त्याची थट्टा झाली. "अमरफळ आलं का?" असं विचारायचे सगळे. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या हंगामात भरपूर आणा, रीतसर बघू.

तीच आणायला गेले होते.

म्हणजे यांचा पुरावा म्हणून आता एवढंच, हे एक वाडगं. आणि आत कोण आहे ते बघायचं तर फळ कापायचं, चिरडायचं. मग वाडगं रिकामं.

१६ ऑक्टोबर

कामावर गेले. बरं वाटलं, म्हणजे पाय चालत राहिले. सगळे हळू बोलत होते, जणू मी झोपलेय आणि त्यांना मला उठवायचं नाही.

वादळ तेवढी नेहमीसारखी. आमच्याकडची तरुण संशोधक — येताना दार आपटते, जाताना दार आपटते, म्हणून यांनीच नाव ठेवलेलं 'वादळ'. तिलाही ठाऊक आहे. मला बघितलं, हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही नव्हतात तर आगर गुठळ्यांचं झालं. मी केलं. कोणाला सांगू नका." मला हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

दुपारी ती फळं धूत होती, मी बघत राहिले. आमचं धुणं म्हणजे आधी अल्कोहोल, मग ब्लीच, मग निर्जंतुक पाणी, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. सालीवर जे काही आहे ते मेलं पाहिजे, म्हणजे नंतर प्लेटवर जे उगवेल ते आतलं. आणि खात्रीसाठी शेवटचं पाणीही एका वेगळ्या प्लेटवर घालतात. त्या प्लेटवर काही उगवता कामा नये. उगवलं तर साल नीट मेली नव्हती — मग आत काहीही सापडो, सगळं बाद.

म्हणूनच तोडणाऱ्याचे हात कसे आहेत याची इथे कोणी फिकीर करत नाही. वरचं सगळं मरणारच असतं. तसा बाकीच्या झुडपांना हात लागतच नाही, घोस कात्रीनं थेट पिशवीत पाडतात. खडकाखालचं मात्र इतकं काटेरी की कात्री आत जातच नाही. हे एकेक फळ बोटांनी काढायचे. हातमोजे काट्यात अडकतात म्हणून तेही काढून ठेवायचे. मनगटं अशी ओरबाडलेली असायची की मलम लावताना मला कळायचं, आज कुठे गेले होते.

१७ ऑक्टोबर

मन थाऱ्यावर नाही. भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरून कपाट आवरायला गेले. तिथून कुंड्यांना पाणी. परत आले तर सुरी कुठे ठेवली ते आठवेना. कुंडीत सापडली!

सासूबाई पत्ते लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बूड टेकव गं जरा. तू घरात फिरतेस की घर तुझ्याभोवती फिरतंय, मला कळेना झालंय."

त्या बसू शकतात. मला हेवा वाटतो. त्यांचा मुलगा गेला आणि त्या बसू शकतात. मग लक्षात आलं, डाव तासभर तोच आहे. एकही पत्ता हललेला नाही.

१९ ऑक्टोबर

सासूबाईंनी वाडग्यातलं एक फळ उचलून तोंडात टाकलं! मी ओरडलेच. त्यांनी शांतपणे चावलं, बी हातावर काढली.

"आंबट ढाण," म्हणाल्या. "याला कशी आवडायची कोण जाणे. लहानपणी खिसे भरून आणायचा आणि मला खायला लावायचा. मी म्हणायचे छान आहेत."

मी म्हटलं, आई, तो नमुना आहे. त्या म्हणाल्या, फळ आहे. मी म्हटलं, यांनी तोडलेलं शेवटचं आहे. तर म्हणाल्या, "म्हणूनच खाल्लं."

बी त्यांनी कुंडीत खोचली. सगळ्या कुंड्या त्यांच्या आणि कष्ट यांचे. रोज सकाळी चहाआधी हे माती उकरायचे, मी शेजारी बसून वाळकी पानं काढायची. आमचं काय बोलणं व्हायचं ते तेवढ्यात. सासूबाई म्हणतात, त्याच्या हाताला गुण होता, काडी खोचली तरी धरायची. मी अजूनही उकरते. एकटीच. धरतंय की नाही ठाऊक नाही.

२० ऑक्टोबर

ड्रायव्हरदादांनी वाटेवरच्या झुडपांची फळं आणली. कात्रीनं काढलेली, नेहमीची. वादळला सांगून मी त्यातली मूठभर घरी आणली. दुसऱ्या वाडग्यात, यांच्या वाडग्याशेजारी. पिशवीतून सरळ ओतली, हात न लावता, नमुन्याला लावत नाहीत तसा.

दोन वाडगी खिडकीत. कितीतरी दिवसांनी खिडकी खिडकीसारखी दिसली.

२४ ऑक्टोबर

केस फुटले! वाटेवरच्या फळांना. आधी देठाशी, संध्याकाळपर्यंत सगळीकडे, करडा कापूस. आणि शेजारी यांची — सुरकुतलेली, काळी, स्वच्छ. किती जुनी आहेत ती!

खरं होतं हो तुमचं.

सासूबाईंना हाताला धरून खिडकीपाशी आणलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाडग्यांकडे पाहिलं. "हं," म्हणाल्या. मग पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "सांगत होता खरा."

२५ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. त्यांच्या खोलीत मी सहसा जात नाही. उभ्यानेच सांगितलं, फोनमधले फोटो दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. घाई नाही, म्हणाल्या, पण फळं फार वाळली तर आतलं मरेल, मग कधीच कळणार नाही. आत खरंच तसं काही निघालं तर तो मोठा शोध असेल, आणि त्याला नाव यांचंच.

"पण कापावी लागतील," त्या म्हणाल्या. "हे तुम्हाला मी सांगायला नको."

२६ ऑक्टोबर

डब्यात घालून नेली. संध्याकाळी तशीच परत आणली.

२७ ऑक्टोबर

आजही नेली. आजही आणली. डबा पिशवीतून काढलाच नाही. वादळ दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेली, विचारलं नाही. दारही आपटलं नाही. तेच जास्त लागलं.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. मी डबा खिडकीत ठेवताना म्हणाल्या, "फिरायला नेतेस का त्यांना रोज?"

मी पसारा आवरायला घेतला. पसारा नव्हताच. त्यांनी हाक मारली, नेहमीसारखी टोचून नाही. जवळ बसवलं. मी बसले, पण उठायच्या बेतातच.

म्हणाल्या, "तो खरा ठरायला गेला होता ना? मग ठरू दे की. खिडकीत ठेवून तू त्याला अर्ध्या वाटेवर थांबवलं आहेस."

२८ ऑक्टोबर

दिली.

मीच कापते म्हटलं. वादळनं तिचा कोट माझ्या अंगावर घातला, कारण माझा धुवायला टाकलेला. मॅडम मागे उभ्या. हातमोजे घातले. अल्कोहोल. ब्लीच. पाणी, पाणी, पाणी. शेवटचं पाणी बाजूला काढून वेगळ्या प्लेटवर घातलं. मग पातं.

आतून अजून लाल होती. वाटलं होतं वाळून खडखडीत असतील, पण गाभा ओला होता. चिरडून प्लेटांवर पसरली. काही प्लेटांवर वादळनं मधोमध बुरशीचा ठिपका ठेवला — आतलं कोणी बुरशीला अडवतंय का, ते बघायला.

प्लेटा मी ओतलेल्या, फळं यांची. कपाटात ठेवून दार लावलं. वाडगं घरी येऊन घासलं आणि परत खिडकीत ठेवलं. रिकामंच.

२९ ऑक्टोबर

बसवत नाही, उभं राहवत नाही. बसथांब्यापर्यंत चालत गेले, बस आली, चढलेच नाही. परत आले.

३० ऑक्टोबर

सुट्टी होती तरी वादळचा फोन. आधी नुसता श्वास, मग एका दमात, "ताई राखणदार आहे, खरंच आहे, तुम्ही लगेच या, नको, उद्या या, नको, आजच या."

गेले. तिनं प्लेटा उजेडाला धरून दाखवल्या. आतली सगळी वस्ती उगवली होती. साईच्या रंगाचं यीस्ट, एक गुलाबी, काही बारीक पिवळे ठिपके. आणि तीन प्लेटांवर एक पांढरी, चपटी, सुरकुत्यांची कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा थर, जुन्या कातड्यासारखी. तिच्या बाजूनं बुरशी पुढे सरकलेलीच नाही. मध्ये स्वच्छ पट्टा. बोटानं आखल्यासारखा!

वादळनं मला मिठी मारली. मी तिचा कोट सारखा करत राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. आज त्यांचा डाव सुटला.

३१ ऑक्टोबर

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं पाणी?"

आम्ही ती प्लेट बघितलीच नव्हती. वादळ नाही, मी नाही. आनंदात कोण बघतं!

तिच्यावर तीच कॉलनी. पांढरी, चपटी, सुरकुत्यांची. फळांच्या प्लेटांवर होती त्याहून जास्त.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि मलाही बसा म्हणाल्या. त्यांनी समजावलं. हा जिवाणू आतला नाही, बाहेरचा आहे. वाईट वेळ आली की स्वतःभोवती कवच करून बसतो. अल्कोहोलला दाद देत नाही, ब्लीचमधूनही थोडे वाचतात. मातीत असतो. मातीत काम करणाऱ्या हातांवर असतो.

मी विचारलं, कोणाच्या हातांवर?

"त्यांच्या. किंवा तुम्ही फळं हाताळली असतील तर तुमच्या. एका घरातल्या माणसांच्या हातांवर तेच ते असतं हो. यातलं कुणाचं, हे नाही सांगता यायचं."

नियमानं सगळं बाद. माझ्याच हातानं चिरडलं मी ते. सगळं.

वादळ म्हणाली, पुन्हा करू. झुडूप कुठे जात नाही. हातमोजे घालून, चिमट्यानं, रीतसर. राखणदार आत असेल तर तेव्हाही दिसेल.

१ नोव्हेंबर

सासूबाईंना कसं सांगावं कळत नव्हतं. त्यांनीच विचारलं. सांगितलं. त्यांनी पत्ते गोळा करून पेटीत ठेवले.

४ नोव्हेंबर

टेकडीवर गेलो. मी, वादळ, ड्रायव्हरदादा. दादांना गाडी थांबवायची जागा माहीत होती, पुढचं नाही. पण कलता खडक खालूनही दिसतो. यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मी डोळे मिटूनही गेले असते.

झुडूप माझ्या खांद्याएवढं. मला मोठं वाटत होतं! काटे सगळीकडून, आतल्या फांद्यांवर थोडी उरलेली फळं. समोर एक सपाट दगड, वर ऊन येत नाही असा. तिथे बसत असणार. बसून बघितलं. खालची वाट दिसते, आमची गाडी दिसते. दादा गाडीला टेकून उभे होते, वर बघत. त्या दिवशीही असेच उभे असतील.

वादळचे हातमोजे पहिल्याच फांदीला फाटले. दुसरी जोडी घातली, लांब चिमटा घेतला, शिव्या पुटपुटत एकेक फळ काढलं. मला हात लावायचा नव्हता, म्हणून मी पिशवी उघडून धरून उभी. हात नुसते शिवशिवत होते.

परतताना गाडी तापली. रस्त्याच्या कडेला थांबलो. दादा पाणी ओतत होते, वादळ गाडीतच झोपली. कडेला साधी झुडपं होती, वाटेवरची, धुळीनं भरलेली. हाताला चाळा म्हणून मी तोडत गेले. एकेक करून, उगाच. जेवणाचा डबा भरला तेव्हा थांबले. म्हटलं, सासूबाईंना देऊ. शिव्या घालत का होईना, खातील.

त्यांनी एक खाल्लं. "ही पण आंबटच," म्हणाल्या आणि डबा कुठेतरी सारून दिला.

७ नोव्हेंबर

चिमट्यानं काढलेली फळं प्रयोगशाळेत काचेखाली ठेवली आहेत. येता-जाता बघते. वादळ म्हणते, ताई, बघून बघून तुम्हीच नासवाल.

८ नोव्हेंबर

देठाशी करडं दिसतंय. धूळ असेल.

९ नोव्हेंबर

धूळ नाही.

११ नोव्हेंबर

सगळी सडली. वाटेवरच्या फळांसारखीच, तितक्याच दिवसांत. त्यातली काही आणल्याबरोबर धुवून, चिरडून पसरली होती; त्या प्लेटांवर साईच्या रंगाचं यीस्ट, गुलाबी, पिवळे ठिपके. कातड्यासारखी कॉलनी कुठेच नाही. शेवटच्या पाण्याची प्लेट कोरी.

मॅडम फार नीट बोलल्या. म्हणाल्या, त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं, मी नाकारत नाही. अर्थ चुकला. झुडपात काही नाही. ते वाटेवरची फळं कात्रीनं पाडायचे आणि ही हातानं काढायचे. इथे आपण साल धुतोच, म्हणून हातांचा विचार आपल्या कोणाच्या मनातच आला नाही. ते घरी ठेवायचे ती फळं तर न धुतलेलीच असायची.

"मग हातामुळे टिकली?" वादळनं विचारलं.

"असेल. मला तसं वाटतं. पण वाटून उपयोग नाही, पुन्हा करून दाखवता यायला हवं. आणि ते आता कोण दाखवणार?"

वादळनं खाली बघत प्लेटा गोळा केल्या.

म्हणजे हे चुकले. दोन हंगाम, ओरबाडलेली मनगटं, तो शेवटचा चढ — एका साध्या झुडपासाठी. उद्यापासून 'अमरफळ' कोणी म्हणणार नाही. हसणारही नाहीत. दया करतील. त्यापेक्षा हसलेले बरे होते.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चुकला तर चुकला. काही फुकट नाही गेलं. झाडाखाली बसायला मिळत होतं त्याला." आणि मग चष्मा पुसता पुसता, "पण खरा ठरला असता तर बरं झालं असतं गं."

१३ नोव्हेंबर

कुंड्या उकरल्या. वाळकी पानं काढली. खिडकी पुसली. जिना झाडला, शेजारच्यांचाही. आगर करपवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

१५ नोव्हेंबर

काही नाही.

१९ नोव्हेंबर

वरचं फडताळ पुसायला काढलं. बरण्यांच्या मागे माझा जेवणाचा डबा — रस्त्याच्या कडेची फळं. सासूबाईंनी सारून दिलेली, मी विसरलेली. वाटलं, आता नुसता कापूस असेल. झाकण नाकापासून लांब धरून उघडलं.

एकही सडलेलं नाही. सुरकुतलीत, वाळलीत. स्वच्छ आहेत.

साधं झुडूप होतं. कात्री नव्हती, हातमोजे नव्हते. मी तोडली होती, माती उकरणाऱ्या याच हातांनी.

डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. पुसायचं फडकं तसंच वर राहिलं. उद्या मॅडमना दाखवेन. उद्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बसलीस?"

हो, म्हटलं.